कळलावीतली ‘कळ’ कोणती?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: परसातल्या तारेच्या कुंपणावर दर पावसाळ्यात एक वेल आपोआप चढते. लाल-पिवळी फुलं येतात आणि दिवाळीच्या सुमारास वेल वाळून नाहीशी होते. कुणी लावल्याचं आठवत नाही. सासूबाई म्हणतात, ‘उपटी फेक व माय, घरमा भांडनं लागतीन.’ हिचं नाव काय, आणि हिला बारमाही म्हणायचं का?

ताई, सासूबाईंच्या बोलण्यातच नाव आहे. ही कळलावी. खात्री करायची तर फुलाआधी पान बघा. पानाचं टोक लांब होऊन त्याचाच ताणा बनतो आणि तो तारेला विळखा घालतो. फुलाच्या सहा पाकळ्या कडेला चुण्या पडलेल्या, मागे उलटून वर उभ्या राहिलेल्या असतात. खाली पिवळ्या, टोकाला लाल, आणि दिवसागणिक सगळ्याच लाल होत जातात. अग्निशिखा हे तिचं संस्कृत नाव हे फूल बघूनच पडलं असणार. तमिळनाडूचं हे राज्यपुष्प आहे.

आता ‘कळ’. मराठीत पोटात उठते तीही कळ आणि दोघांत लावली जाते तीही कळ. कळलावीचा कंद पूर्वी अडलेल्या बाईसाठी वापरत, म्हणून ‘बाळंतकळा लावणारी ती कळलावी’ असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. दुखण्याची कळ येते, उठते, मारते. बाळंतपणाच्या कळा सुरू होतात. त्या कुणी ‘लावत’ नाही. ‘लावणे’ हे क्रियापद भांडणाच्या कळीला जोडूनच येतं. आग लावणारा आगलाव्या, तसा कळ लावणारा कळलाव्या, आणि त्याचं स्त्रीलिंग कळलावी. संस्कृतातही या वेलीला कलिकारी म्हणतात, आणि कलिकारक हे नाव आहे नारदाचं! आपला ‘कळीचा नारद’ तो हाच. म्हणजे सासूबाईंची समजूत आजची नाही, ती नावाइतकीच जुनी आहे. गर्भावरच्या परिणामासाठी संस्कृतात गर्भनुत् असं वेगळं नाव आहे. मराठीत ‘कळ’ शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून दोन गोष्टी एका नावात मिसळल्या, इतकंच.

अजून एक नाव मला फार आवडतं: लांगली. लांगल म्हणजे नांगर. हिचा कंद दोन फाट्यांचा, वाकडा, थेट नांगरासारखा असतो. काही जण हिला बचनागही म्हणतात, पण ते टाळावं. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं कूळच निराळं. विषारी मात्र दोन्ही. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. बाळंतपणाचा तो जुना उपाय कुणी सुचवला तरी करू नका, तो जिवावर बेततो.

‘बारमाही’ हा शब्द हिला लागत नाही. बारमाही म्हणजे बारा महिने दिसणारं, जशी बारमाही नदी किंवा सदाफुली. कळलावी निम्म्याहून जास्त वर्ष मातीत निजलेली असते, पण मरत नाही. मातीतल्या कंदातून पुन्हा कोंब काढते. अशा झाडाला बहुवर्षायू म्हणायचं. एका वर्षात संपतं ते वर्षायू. फुलांची यादी करताना या दोन शब्दांची गल्लत सर्रास होते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उपटू नका, अशी माझी विनंती. घरात रांगतं मूल किंवा परसात शेळी असेल तरच सासूबाईंचं ऐका, आणि तेव्हाही हातमोजे घालून कंदासकट काढा. नाहीतर वेल वाळली की त्या जागी विटेचा तुकडा रोवून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात खुरपताना कंद तुटणार नाही.