मास्टर्स या गोल्फ स्पर्धेच्या सराव-फेरीला सोनी ए६४०० कॅमेरा नेतोय. २००-६०० मिमीची लांब लेन्स भाड्याने घेऊ का?

नका घेऊ. पैसे जातील ते जातीलच, पण दुपारपर्यंत खांदाही भरून येईल, आणि प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपाशी उभे असाल तेव्हा ती लेन्स नेमकी कुचकामी ठरेल.

तुम्ही लिहिलंय की मंगळवारच्या सराव-फेरीचं तिकीट सोडतीत लागलंय, घरी १६-५० आणि ५५-२१० या दोन लेन्स आहेत, आणि गोल्फ म्हटलं की लांब लेन्स हवीच असं मित्राचं म्हणणं आहे. मी अटलांटाजवळ राहतो आणि ही स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टाला सरावाच्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नशिबाचं बोलू. तुम्हाला मंगळवार मिळाला हे उत्तमच झालं. ऑगस्टा नॅशनलमध्ये, म्हणजे तिथल्या गोल्फ क्लबात, प्रेक्षकांना कॅमेरा फक्त सोमवार ते बुधवार आत नेता येतो, तोही स्वतःसाठी फोटो काढायला. व्हिडिओ नाही, फोटो विकणं नाही. गुरुवारी स्पर्धा सुरू झाली की कॅमेरा बंद. फोन तर सातही दिवस आत नेता येत नाही. म्हणजे त्या दिवसाची जी काही चित्रं घरी येतील ती या एका कॅमेऱ्यातूनच येतील. पिशवीची मर्यादा १० × १० × १२ इंच आहे. तिकिटासोबत येणारी नियमांची यादी मात्र एकदा नीट वाचा, कारण तिथे हुज्जत घालून काही उपयोग नसतो.

आता लेन्सचं गणित. टीपाशी, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे, जागा मिळाली तर खेळाडू तुमच्यापासून दहा-बारा मीटरवर असतो. बारा मीटर धरा. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर २०० मिमी लावून कॅमेरा उभा धरलात तरी चौकटीत जेमतेम १.४ मीटर उंची मावते. मागे सरकायला जागा नसते, मागे माणसं असतात. मग स्कॉटी शेफलरसारखा नामांकित गोल्फपटू समोर उभा असेल आणि तुमच्या फोटोत त्याचे पाय नसतील, किंवा डोकं नसेल. हीच चौकट ७० मिमीला चार मीटर होते, म्हणजे वर गेलेल्या काठीसकट अख्खा माणूस बसतो.

दुसरं टोक बाराव्या होलचं, म्हणजे मैदानाच्या अठरा भागांपैकी बाराव्याचं. तिथे प्रेक्षक टीच्या मागेच थांबतात, ग्रीनजवळ, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ, कुणालाच जाता येत नाही. अंतर १५५ यार्ड, म्हणजे साधारण १४२ मीटर. कॅमेरा आडवा धरून २१० मिमीने खेळाडू चौकटीच्या उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढा दिसतो, ३५० मिमीने पाव हिश्शाहून थोडा जास्त, ६०० मिमीने निम्मा. ६०० चा फायदा इथे दिसतो हे कबूल. पण बाराव्या ग्रीनवर पटिंग करणाऱ्या, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्याकडे ढकलणाऱ्या, माणसाचा निम्म्या चौकटीचा फोटो काढून करायचं काय? तो कुठल्याही ग्रीनवर काढल्यासारखा दिसेल. त्या जागेची मजा ओढा, त्यावरचा होगन पूल, मागची अझेलियाची झुडपं आणि त्यात इवलासा माणूस, अशी सगळी मिळून आहे. ते चित्र तुमच्या १६-५० च्या ५० मिमीला छान येतं.

तेव्हा भाड्याने घ्यायचीच असेल तर सोनीची ७०-३५० घ्या. तिचं वजन ६२५ ग्रॅम, तर २००-६०० चं दोन किलोहून जास्त. टीव्हीवर ऑगस्टा सपाट दिसतं. प्रत्यक्षात क्लबहाउसपासून ओढ्यापर्यंत चांगला उतार आहे आणि अठराव्या होलला तो सगळा परत चढावा लागतो. पोटऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळतं. भाडंही द्यायचं नसेल तर ५५-२१० वर सुखाने जा. ती फार धारदार लेन्स नाही, पण ऊन असेल तर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र थोडं लहान करून, चांगलं काम करते. आणि कॅमेरा नसलेल्या कुणी विचारलं असतं तर मी सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा लेन्स जोडलेलाच कॅमेरा सांगितला असता: मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरच्या हिशेबाने २४ ते ६०० मिमीची पोच, वजन किलोभराच्या आसपास, शटर जवळजवळ निःशब्द. सेन्सर लहान आहे, पण उन्हातल्या गोल्फला चालून जातं.

लेन्सपेक्षा जास्त विचार शटरच्या आवाजाचा करा, कारण खेळाडू काठी मागे नेत असताना ‘खट्’ झालं तर आजूबाजूची सगळी माणसं तुमच्याकडे वळतात. सरावाच्या दिवशी वातावरण सैल असतं, खेळाडू गप्पा मारतात, तरी हा नियम सैल होत नाही. २००२ च्या स्किन्स गेम या गोल्फ सामन्यात टायगर वुड्स फटका मारत असताना कॅमेरा वाजला, तेव्हा त्याचा कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा मदतनीस, स्टीव्ह विल्यम्स याने तो कॅमेरा हिसकावून तळ्यात फेकला होता. तुमचा कुणी फेकणार नाही, पण भाड्याची लेन्स लावलेली असताना हा किस्सा आठवलेला बरा.

ए६४०० मध्ये सायलेंट शूटिंग, म्हणजे आवाज न करता फोटो काढायची सोय, आहे, मग प्रश्न मिटला असं वाटेल. मिटत नाही. सायलेंटमध्ये सेन्सर एका ओळीमागून दुसरी ओळ अशी वरून खाली वाचला जातो आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या पिढीत त्याला वेळ लागतो. सेकंदाचा तिसावा भाग धरा. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वात लांब फटक्याच्या काठीचं, डोकं चेंडूपाशी ताशी १८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने जातं. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत ते दीड मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. परिणाम असा की सरळ काठी फोटोत केळ्यासारखी वाकलेली दिसते. शटरस्पीड १/४००० ठेवला तरी ती सरळ होत नाही, कारण दोष उघडझापीच्या वेगाचा नसून वाचनाच्या वेगाचा आहे. सोनीने २०१७ मध्ये ए९ कॅमेरा आणला तो झटपट वाचणारा सेन्सर घेऊन, आणि तेव्हापासून मान्यताप्राप्त छायाचित्रकार बॅकस्विंगचे, म्हणजे काठी मागे नेतानाचे, फोटो बिनबोभाट काढू लागले. अलीकडच्या ए९ मार्क ३ मध्ये तर सगळ्या ओळी एकदमच टिपल्या जातात. पण एका मंगळवारसाठी असले कॅमेरे भाड्याने घेणं म्हणजे हौसेची परिसीमा.

तुम्ही एवढंच करा. खेळाडू चेंडूपाशी उभा आहे, निशाणा बघतोय, कॅडीशी बोलतोय, पट मारतोय, तोवर सायलेंट. ड्रायव्हर फिरवायच्या वेळी यांत्रिक शटरवर या, पण बोट दाबू नका. फटक्याचा आवाज कानावर आला की दाबा. ए६४०० सेकंदाला ११ फ्रेम काढतो, फॉलो-थ्रू, म्हणजे फटक्यानंतर काठी पुढे फिरते तो भाग, त्यात व्यवस्थित येतो. ही बदली मेन्यूत शोधत बसायला लागू नये म्हणून सायलेंट शूटिंग एका कस्टम बटणावर ठेवा.

आणि खरं सांगू का, चांगला फोटो फटक्यानंतरचाच असतो. काठी चेंडूला अर्धा मिलिसेकंदच टेकलेली असते. सेकंदाला ११ फ्रेमने तो क्षण सापडणं निव्वळ लॉटरी, आणि एक लॉटरी तुम्हाला लागून गेलीय. फटक्यानंतर मात्र खेळाडू दोन-तीन सेकंद तसाच थांबतो. काठी खांद्यावर, नजर चेंडूमागे, आणि चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं. चेंडू उजवीकडे वळत असेल तर तो मान तिरकी करून त्याला जणू परत बोलावत असतो. लोक या वेळी चेंडू बघायला कॅमेरा खाली घेतात. तुम्ही घेऊ नका, चेंडू कुठे गेला हे शेजारचा सांगतोच.

हा चेहरा मिळायला जागा महत्त्वाची. टीवरून ग्रीनकडे तोंड केलंत तर उजव्या हाताला, दोरीलगत, टीच्या थोडं पुढे उभे राहा. उजव्या हाताने खेळणारे तिथून समोर दिसतात. टीच्या थेट मागे राहिलात तर शेवटी पाठच मिळते. बबा वॉटसन किंवा फिल मिकेलसनसारखा डावखुरा असेल तर हेच उलट करा. टोपीच्या झडपेची सावली दुपारी डोळ्यांवर पडते, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वर घ्या, आकाश थोडं पांढरं पडलं तरी चालेल.

बाकी सेटिंग फार नाहीत. शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा) १/२०००, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ऑटो, कमाल ६४००. ऊन असेल तर ४०० च्या आसपासच राहतो, पाइनच्या सावलीत पटकन ३२०० वर जातो. फोकसचा चौकोन लहान ठेवा, नाहीतर चेहरा ओळखणारी यंत्रणा मागच्या गर्दीतला एखादा काका पकडून बसते.

एक जागा चुकवू नका, ती म्हणजे सोळावं होल. पार ३ (तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित), १७० यार्ड, मध्ये तळं. सरावाच्या दिवशी टीवरचा नेहमीचा फटका झाला की प्रेक्षक ‘स्किप इट’ असा गलका करतात. मग खेळाडू पाण्याच्या काठाशी येऊन चेंडू पाण्यावर टप्पे खात ग्रीनवर पाठवायचा प्रयत्न करतात. २००९ च्या सरावात विजय सिंगचा चेंडू असा उड्या मारत थेट खड्ड्यात गेला. २०२० मध्ये जॉन रामचाही गेला, पण ती स्पर्धा कोविडमुळे नोव्हेंबरात झाली आणि प्रेक्षकच नव्हते. इथे पूर्ण झूम करू नका. काठावरचे दोन-तीन खेळाडू आणि पुढचं पाणी एका चौकटीत घ्या, पाण्यावर फोकस आधीच लावून ठेवा. चेंडू फोटोत ठिपक्याएवढा येईल, पण ओळीने उडालेले तुषार सगळी गोष्ट सांगतात. खेळाडूंइतकीच त्यांना चिथावणारी गर्दीही मला फोटोसाठी आवडते. शांतता पाळायच्या खेळात आरडाओरडा करायची परवानगी असलेली ही जागा, लोक ती पुरेपूर वसूल करतात.

लेन्स बदलण्याबद्दल एक इशारा. एप्रिलमध्ये जॉर्जियात पाइनचे पिवळे पराग गाड्यांवर, खुर्च्यांवर, सगळीकडे बसलेले असतात. उघड्यावर लेन्स काढलीत की ते सेन्सरवर जातात आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात डाग. म्हणून सकाळी १६-५० लावूनच आत शिरा, गर्दी वाढायच्या आत बारावं-तेरावं होल टिपून घ्या, मग एखाद्या आडोशाला कॅमेरा खाली तोंड करून एकदाच ७०-३५० चढवा आणि संध्याकाळपर्यंत तीच ठेवा. पावसासाठी एक साधी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरे. २०२५ मध्ये सोमवारचा सराव पावसामुळे मध्येच थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही, तेव्हा हवामान बघून निघा आणि चांगल्या जागा दुपारवर ढकलू नका.

बॅटऱ्या तीन घ्या, ए६४०० ची बॅटरी लहान आहे. मोनोपॉड (एकपायी स्टँड) घरीच राहू दे, किलोभराच्या सरंजामाला त्याची गरज नाही. हातात साधं घड्याळ घाला आणि सोबत कुणी असेल तर भेटायची जागा-वेळ आधीच ठरवा, कारण चुकामूक झाली तर फोन नाही. तिथे सार्वजनिक टेलिफोन ठेवलेले आहेत, फुकट बोलता येतं, पण सोबतच्या माणसाचाही फोन गाडीत पडलेला असताना लावणार कुणाला?

लेन्स भाड्याने घेतलीत तर शनिवारीच मागवा आणि रविवारी जवळच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फ-फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, तासभर घालवा. तिथे परवानगी विचारून कुणाच्याही स्विंगवर ‘आवाज आला की दाबा’ हे बोटाला शिकवता येतं. खेळाडू नवशिका असला तर आणखी चांगलं, त्याचा चेहरा शेफलरपेक्षा जास्त बोलका असतो.