माणसाचा विचार त्याचा स्वतःचा असतो, की अनुभवाने घडवलेला?

जाणीव, अनुभव आणि जगाकडे बघायची दृष्टी यांनी माणसाचा विचार कसा घडतो, असं तुम्ही विचारलंय. मला याचं उत्तर आमच्या घरातल्या एका भिंतीवर मिळालं.

आमचं गाव प्रयाग चिखली, कोल्हापूरजवळ, नदीकाठी. 2005 चा पूर ओसरल्यावर काकांनी सोप्याच्या भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथे गेरूने रेघ ओढली. पुढची चौदा वर्षं पुराचा सगळा विचार आमच्या घरात त्या रेघेनेच केला. धान्याची पोती कुठे ठेवायची, म्हशी कधी सोडायच्या, सगळं तिच्याकडे बघून.

ऑगस्ट 2019 मध्ये, कोल्हापुरात पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. गाव सोडा म्हणून निरोप येत होते. काका म्हणाले, "पाचच्या पुरात हितवर आलतं. ह्याच्या वर यायचं न्हाई." तो हट्ट नव्हता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेच नडलं. पाणी रेघेला टेकलं तरी ते म्हणत होते, आता उतरंल. रेघ बुडाल्यावर मात्र ते गप्प झाले. आम्ही माडीवरून बोटीत उतरलो. त्या वर्षी पातळी 55 फुटांच्या वर गेली.

19व्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ दृष्टीबद्दल म्हणायचा, की डोळ्यांना मिळतं ते अपुरं असतं. मन मागच्या अनुभवावरून नकळत अंदाज बांधतं आणि तोच आपल्याला 'दिसतो'. काकांचं तसंच झालं असं मला वाटतं. समोर 2019 चं पाणी होतं, ते बघत होते 2005 चं.

जगाकडे बघायच्या दृष्टीचं म्हणाल, तर आजी पुराला गंगामाई म्हणते, पाणी दारात आलं की ओटी भरते. धाकटा भाऊ अलमट्टी धरणाचा विसर्ग बघतो, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले ते मोजतो. पाणी एकच, पण आजीच्या मनात तक्रारीचा विचारच येत नाही आणि भावाच्या मनात तक्रारीशिवाय दुसरा येत नाही. (चिखलगाळ काढताना आजीइतका शांत माणूस मी पाहिला नाही, हेही सांगायला हवं.)

जाणिवेचं काम मला या सगळ्यानंतर सुरू होताना दिसलं. आपण रेघेकडे बघून ठरवत होतो, हे काकांना रेघ बुडाल्यावरच उमगलं. जुलै 2021 मध्ये पाणी चढू लागलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे न बघताच म्हशी सोडल्या.

भिंतीवर आता दोन रेघा आहेत. परवा घराचं नवीन बांधकाम काढायचं म्हणून इंजिनिअर आले. त्यांनी वरच्या रेघेपासून माप घेतलं, तर काका म्हणाले, "ह्याच्याबी वर आलं तर?"