गाडी चालवताना मागून कुणी धरून ठेवल्यासारखी जड वाटते. काय बिघडलं असेल?

तुम्ही लिहिलंय की गाडी पावसाळ्यात दीड महिना हँडब्रेक ओढून अंगणात उभी होती, आणि आता ॲक्सिलरेटर सोडला की लगेच मंदावते, इंधनही जास्त खाते. एवढ्यावरून माझा पहिला संशय ब्रेकवर आहे. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पण सामान विकत आणण्याआधी एक गोष्ट ठरवा: चाक ब्रेक ऑइलच्या दाबाने धरलंय की गंजाने? हे न बघता कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलला तर पैसे जातात आणि गाडी तशीच जड राहते.

टायरमधली हवा आधी बघा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही असं असेल तर क्लच प्लेट घसरतेय, तो वेगळा विषय. मग सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगात गिअर न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील. चांगली गाडी लांबवर घरंगळत जाते, ब्रेक धरलेली थोड्याच अंतरात दम टाकते.

आता आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि थांबून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. चाकाला हात लावू नका, भाजेल. पुढची दोन एकमेकांशी ताडा, मागची दोन एकमेकांशी. एकच चाक जास्त तापलं असेल, करपल्यासारखा वास येत असेल, तर गुन्हेगार तेच. ही परीक्षा आंबा घाट उतरून आल्यावर घेऊ नका, तेव्हा चारही चाकं तापलेलीच असतात.

ते चाक जॅकवर उचला. बाकीच्या चाकांना चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) लावा, पण गाडी चिऱ्यावर टेकवून ठेवू नका. जांभा भाराखाली अचानक फुटतो. लोखंडी स्टँडच हवा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक पाच-सहा वेळा दाबून सोडायला सांगा, मग इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवा. बारीक घासल्याचा आवाज चालतो, पण दोन हातांनी जोर लावावा लागत असेल तर नाही.

आता खरी परीक्षा. कॅलिपरच्या निपलवर (तेल आणि हवा काढायच्या छोट्या तोटीवर) पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत, आणि निपल अर्धा फेरा सैल करा. तेल चिळकांडी मारून आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलाय. तेल निवांत आलं आणि चाक तसंच घट्ट, तर कॅलिपर किंवा तो ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत. आपल्याकडे निपल गंजलेला असणारच, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पाना वापरा. फिक्स पान्याने त्याच्या कडा गोल होतात, मग कॅलिपरच उतरवावा लागतो.

दाब अडकला असेल आणि एकाच चाकाचा त्रास असेल, तर रबरी होज (कॅलिपरला तेल नेणारी लवचिक नळी) आतून सुजलेला असतो. बाहेरून तो नवाकोरा दिसतो. लोखंडी पाइप होजला मिळतो तो जोड सैल करून चाक सुटलं नाही, पण निपलवर सुटलं, तर होज बदला. दोन किंवा चारही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग) बिघडलाय, किंवा पेडल पूर्ण वर येत नाही. मागचे ब्रेक लाइट पाय काढल्यावरही पेटलेले आहेत का ते बघा, कधीकधी पेडलमागे अडकलेली मॅटच निघते. ब्रेक ऑइलच्या टाकीत कुणी इंजिन ऑइल ओतलं असेल, तर सगळ्या रबरी सील फुगतात आणि सगळ्याच बदलाव्या लागतात.

पिना जाम असतील तर काम घरी होतं. कॅलिपर काढून तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. कुठली पिन कुठे होती ते लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत एका पिनेला रबरी बुश असतो. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, खड्डे पडले असतील तर पिन नवी. भोक ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडं करा. ग्रीस फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन. साधं चॅसिस ग्रीस रबर फुगवतं, म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा तेच. थर पातळ ठेवा, ग्रीस जास्त भरलं की पिन आत जात नाही. पॅडच्या कानाखालचा गंजही खरवडा, तो फुगून पॅड पकडून ठेवतो. पॅड एका टोकाला जास्त झिजलं असेल तर एकच पिन अडकली होती असं समजा.

मागे ड्रम ब्रेक असतील आणि गाडी हँडब्रेक ओढून उभी होती, तर लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटलेले असू शकतात. रेस देऊन ओढू नका, लायनर सुटून येतात. हँडब्रेक सोडा, पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून हळूच हलवा, मग ड्रमवर चारही बाजूंनी लाकडी हातोडी मारा. तरी धरत असेल तर हँडब्रेकचा ॲडजस्टर सैल करा. चाक सुटलं तर केबल आतून गंजलीय. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाक तापत असताना घाट उतरू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 कोरडं असताना 205 अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर 140 पर्यंत खाली येतं, आणि उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. टाकीच्या टोपणावर लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलून एअर काढून घ्या.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि चाकाला चिरा लावा. पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि दोन-तीनदा ब्रेक लावून ते सुकवूनच गाडी उभी करा.