१२१ ही कटऑफ नाही

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आलो. मुलगा नऊ वर्षांचा, ईयर फाइव्हमध्ये आहे. बकिंगहॅमशायर ही शिक्षणासाठी नावाजलेली काउंटी, म्हणून ॲमरशॅमचं डॉ. चॅलोनर्स ग्रामर स्कूल (प्रवेश-परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) आम्ही डोळ्यांसमोर ठेवलं आहे. आठवड्यातून चार दिवस ट्यूशन आणि शनिवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, असते. इंग्रजी सुधारावं म्हणून घरी मराठी बोलणं बंद केलं आहे. तो हुशार आहे, पण गंभीर नाही. गेल्या महिन्यात मॉकचे दोन पेपर दप्तरात तळाशी लपवलेले सापडले. ‘पास झाला नाहीस तर पुण्याला परत पाठवीन’ असं सांगितल्यापासून थोडा सुधारलाय. १३५च्या वर स्कोअर गेला तर चॅलोनर्स पक्कं ना? ऑगस्टमधला तीन आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स लावू का? काउंटीतल्या कॉलेजांचीही माहिती द्या. – एक वडील

उत्तर: तुमचे प्रश्न स्कोअरचे आहेत, पण मला आधी दप्तरातल्या त्या दोन पेपरांबद्दल बोलायचं आहे. नऊ वर्षांचं मूल पेपर लपवतं ते गंभीर नसतं म्हणून नव्हे. घरात मार्क कळले की पुढे काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून लपवतं. तो सुधारलेला नाही, घाबरलेला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची शाळा, मित्र, आजी-आजोबा सगळं एका झटक्यात मागे राहिलं. आता कुठे इथे रुळतोय, तर तेच पुन्हा होईल अशी धमकी तुम्ही दिलीत, आणि तीही स्वतःच्या गावाची शिक्षा करून. हे चुकलं आहे, आणि ते याच आठवड्यात दुरुस्त करा. आई-वडील दोघांनी एकत्र बसून त्याला स्पष्ट सांगा: निकाल काहीही लागो, त्या कारणासाठी आपण कुठेही जाणार नाही.

परीक्षेच्या दृष्टीनेही ही भीती महागात पडते. बकिंगहॅमशायरच्या ग्रामर प्रवेश-परीक्षेत पर्यायी उत्तरांचे दोन पेपर असतात. प्रत्येक भागाला वेगळी वेळ असते आणि भाग संपला की मागे जाता येत नाही. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणं हेच इथलं खरं कौशल्य. घाबरलेलं मूल नेमकं तिथेच अडून बसतं. एक प्रश्न गाळून उत्तरपत्रिकेतली तेवढी ओळ मोकळी सोडायला विसरलं, की पुढची सगळी उत्तरं एकेका घराने सरकतात. मॉकचा उपयोग या चुका दिसाव्यात एवढाच. पेपर लपवले जाऊ लागले की तोही संपतो.

मराठी आजच पुन्हा सुरू करा. परीक्षेत शब्दसंग्रह आणि उताऱ्यांवर जो भर असतो तो पुस्तकी इंग्रजीचा. ‘जेवायला ये’ हे इंग्रजीत म्हटल्याने ते शब्द येत नाहीत. रोज अर्धा तास त्याच्या आवडीचं पुस्तक आणि अडलेल्या शब्दावर दोन मिनिटं गप्पा, त्या मराठीत झाल्या तरी चालतील.

आता १३५. तुमच्या डोक्यात आपली अकरावीची कटऑफ लिस्ट आहे: मार्क जास्त, तर कॉलेज वरचं. इथे तसं नाही. या परीक्षेत १२१ ही पात्रतेची रेषा आहे. मुलाच्या वयाचा हिशेब स्कोअरमध्ये आधीच धरलेला असतो. रेषेपलीकडे गेलेली मुलं बहुतेक ग्रामर स्कूल्सच्या दृष्टीने सारखीच, मग स्कोअर १२१ असो की १३५. जागा ठरते ती प्रत्येक शाळेच्या प्रवेश-नियमांच्या क्रमाने: कौन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, कॅचमेंटमधली, म्हणजे शाळेने ठरवलेल्या परिसरातली मुलं, आधीच त्या शाळेत असलेल्यांची भावंडं आणि शेवटी घरापासून शाळेचं अंतर. हा क्रम शाळेगणिक थोडा बदलतो, म्हणून तो शाळेच्या धोरणात वाचायचा असतो. आणि नकाशावर मिल्टन कीन्स बकिंगहॅमशायरमध्ये दिसत असलं, तरी १९९७ पासून तिथली कौन्सिल स्वतंत्र आहे आणि तिच्या हद्दीत एकही ग्रामर स्कूल नाही. काउंटीतल्या १३ ग्रामर स्कूल्सपैकी तुम्हाला सर्वांत जवळचं बकिंगहॅमचं रॉयल लॅटिन. ॲमरशॅम तुमच्यापासून इतकं दूर आहे की अंतराच्या निकषावर तुमचा नंबर फार मागे जातो. म्हणजे चार ट्यूशन लावून जो स्कोअर तुम्ही वाढवताय, तो चॅलोनर्सचं दार उघडणारी गोष्टच नाही.

घर बदलायचं? नोकरी आणि घराच्या गरजेमुळे खरोखर त्या बाजूला राहायला जाणार असाल तर जा. मिल्टन कीन्सचं घर ठेवून सहा महिन्यांसाठी फ्लॅट भाड्याने घेणार असाल तर मुळीच करू नका. पत्त्यांची तपासणी होते, आणि खोट्या पत्त्यावर मिळालेली जागा काढून घेता येते.

परीक्षेला त्याला बसायला आवडत असेल तर जरूर बसवा. काउंटीतल्या सरकारी प्राथमिक शाळांमधल्या मुलांची नोंदणी आपोआप होते, तुमची होणार नाही. ती मे-जूनमध्ये स्वतः करावी लागते. परीक्षा सप्टेंबरमध्ये, निकाल ऑक्टोबरमध्ये. शाळांचा फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि तोही मिल्टन कीन्स कौन्सिलकडे. तयारी आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. मॉक फक्त उन्हाळ्यात, दोन. बाकीच्या ट्यूशन बंद.

त्याच्याआधी एक काम करा. तो बहुधा ज्या शाळेत जाणार आहे, ती तुमच्या भागातली कॉम्प्रिहेन्सिव्ह (प्रवेश-परीक्षेशिवाय सगळ्यांना घेणारी) शाळा त्याच्यासोबत जाऊन बघा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. ओपन इव्हनिंगला गणिताचे गट कसे पाडतात, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे तीन स्वतंत्र विषय जीसीएसईला (सोळाव्या वर्षीच्या, आपल्या दहावीसारख्या परीक्षेला) घेता येतात का, गणिताचे किती शिक्षक गेल्या दोन वर्षांत सोडून गेले, हे विचारा. अकराव्या वर्षी ग्रामर हुकलं म्हणजे कायमचं हुकलं असंही नाही. जीसीएसईच्या ग्रेडवर अनेक ग्रामर स्कूल्सच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या वर्गांत, बाहेरची मुलं घेतात. सोळा वर्षांचा मुलगा एकटा ट्रेनने जाऊ शकतो, अकरा वर्षांच्या मुलाला त्या प्रवासात रोज दमवण्यात अर्थ नाही.

कॉलेजांचं थोडक्यात. इथे कॉलेज म्हणजे सोळाव्या वर्षानंतरचं. बकिंगहॅमशायर कॉलेज ग्रुप एल्सबरी, ॲमरशॅम आणि वायकमला आहे, तिथे व्यावसायिक अभ्यासक्रम आणि अप्रेंटिसशिप मिळतात. हाय वायकमला बकिंगहॅमशायर न्यू युनिव्हर्सिटी, तर बकिंगहॅमला खासगी युनिव्हर्सिटी ऑफ बकिंगहॅम, जिथे बऱ्याच पदव्या दोन वर्षांत होतात. पण युनिव्हर्सिटी कोणी काउंटी पाहून निवडत नाही. तुम्ही काळजी करायचीच असेल तर फीची करा. होम फी, म्हणजे इथल्या रहिवाशांसाठीची युनिव्हर्सिटीची फी, इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत आहे, ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुधा त्याच्या दुपटीहून जास्त. होम दर्जासाठी साधारणपणे कोर्स सुरू होण्याच्या दिवशी कायम निवासाचा हक्क आणि त्याआधीची तीन वर्षं इथे वास्तव्य लागतं. तुमच्या व्हिसाचा हिशेब चॅलोनर्सच्या हिशेबाआधी मांडा.

ऑगस्टच्या कोर्सचे पैसे भरू नका. त्यात पुण्याची तिकिटं काढा आणि त्याला आजी-आजोबांकडे तीन आठवडे मोकळं सोडा. परीक्षेला बसायचं ठरलं असेल तर किमान दहा दिवस आधी परत या, म्हणजे झोपेचं घड्याळ जुळेल. सामानात मॉकचे पेपर नकोत.