आजोबा फडाचे पाटकरी होते. सिंचनाच्या विकीवर त्यांच्यावर लेख टाकावा का?

राम राम भाऊ. साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी तुमचे आजोबा फडाचे (म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर मिळून भिजणाऱ्या शेतांच्या गटाचे) पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारे होते, जुन्या सिंचनपद्धतींना वाहिलेल्या एका विकीवर तुम्ही लिहिता, आणि तिथे त्यांच्यावर लेख बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट आहे. आजोबांवर लेख नको, पण आजोबा जे काम करायचे त्यावर हवाच.

त्या विकीवर येणारा माणूस पाण्याचं काही शोधत येतो. म्हणून तुमच्या मसुद्यातून आजोबांचं नाव, भाऊबंद, लेकरंबाळं काढून बघा. मागे फक्त ‘कष्टाळू, देवमाणूस’ एवढंच उरलं, तर ते घरच्या वहीत लिहा. तिथे त्याची किंमत जास्त आहे. पण मागे पाणी उरलं, तर लेख तिथलाच. फडात शेतकरी आपल्या मनाने पाणी घेत नसे. बंधाऱ्यातून पाटात, पाटातून चारीत (लहान पाटात) आणि चारीतून वावरात ते पाटकरी द्यायचा. एका फडात एकच पीक, म्हणून पाळीचा हिशेब जुळायचा. पण उन्हाळ्यात धार बारीक झाली की आधी कुणाला, रात्रीची पाळी कुणाच्या वाट्याला, दोघं भांडायला लागले तर काय करायचं, हे पाटकऱ्याला रोज ठरवावं लागे. हे लिहा. लेखाचं नाव ‘पाटकरी’. तो आधीच असेल किंवा ‘फड पद्धत’ या लेखात त्यावर दोन ओळी असतील, तर तिथेच विभाग वाढवा. मोठा झाला की वेगळा काढता येतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. आमच्या बंधाऱ्यावर लिहिताना मी ‘हा ३०० वर्षांचा’ असं लिहिलं होतं. एका संपादकाने चर्चापानावर विचारलं, कशावरून? माझ्याकडे फक्त आजीचं सांगणं होतं. ते वाक्य काढलं गेलं आणि ते योग्यच झालं. मग मी टेप घेऊन पाटावर गेलो. तोंडाशी रुंदी मोजली, चारी जिथे फुटते तिथल्या दगडावरच्या पाण्याच्या खुणा टिपल्या, फोटो काढले. तो भाग आजही लेखात आहे, कारण कुणीही तिथे जाऊन तो ताडून पाहू शकतो. शिवाय १८८० चं खानदेश गॅझेटियर जरूर चाळा, त्यात इथल्या बंधाऱ्यांची माहिती आहे.

बाकीचं वाटून टाका. पाणी भरताना वापरायचे अहिराणी शब्द विक्शनरी या मुक्त शब्दकोशावर, तुम्ही स्वतः काढलेले फोटो कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर. घरात जुनी छापील पुस्तिका असेल आणि लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटून गेली असतील, तर ती विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयावर चढवता येते. मराठी विकिपीडियावर मात्र व्यक्तीचा लेख टिकायला तिच्याविषयी इतरांनी छापलेलं लिखाण लागतं. घरच्या आठवणी तिथे चालत नाहीत.

आणि गावात आजोबांच्या हाताखाली पाटावर राबलेलं कुणी हयात असेल, तर मसुद्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांना विचारा, पाळी बंधाऱ्याकडून सुरू व्हायची की पार शेवटच्या वावराकडून? मलाही ते कळवा.