काकडी-टोमॅटोवर राहून वजन उतरवताय? आधी हे वाचा

"सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री सूप, तरी महिनाभर काटा हलत नाही आणि संध्याकाळी हातपाय गळतात." तुमचं हे वाचलं आणि ६ वर्षांपूर्वीची मीच समोर उभी राहिले. म्हणून जरा लांबलचक लिहिते. साखर, मैदा, कोल्ड्रिंक तुम्ही सोडलंच असेल, त्यावर बोलत नाही.

इथे इंदुरातच एका डाएट सेंटरमध्ये मी ३ महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दिवसाला ९०० कॅलरींचा छापील कागद, येईल त्याला तोच. ११ किलो उतरले. घरचे कौतुक करत होते आणि मी जिना कठडा धरून चढत होते. तिसऱ्या महिन्यात केस मुठीमुठीने जायला लागले. विचारलं तर म्हणे, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे! पैसे परत मागितले तेव्हापासून फोन उचलणं बंद. नंतर मी तो कागद घेऊन बसले आणि प्रथिनं मोजली. दिवसभरात ३० ग्रॅमसुद्धा नव्हती. इतकी उपासमार केली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुन्हा जेवायला लागले, तेव्हा वर्षभरात सगळं वजन परत आलं आणि कंबर आधीपेक्षा जाड झाली. अजून आठवलं की संताप येतो.

मी डॉक्टर नाही. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. बाकी माझं मत ठाम आहे: आधी प्रथिनं, मग उरलेलं ताट. वजनं उचलत असाल तर शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरा.

पोहे सोडा असं इंदुरात राहून मी कुणाला सांगणार नाही. जिलेबी मात्र रोज नको, आणि सेव चमच्याने मोजून. १०० ग्रॅम सेवेत साधारण ५५० कॅलरी असतात आणि आपण ती मुठीने घालतो. मी पोह्यांत वाफवलेले मोडाचे मूग घालते, वर जीरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला), सोबत २ उकडलेली अंडी. अंडी चालत नसतील तर वाटीभर चक्का.

आपल्या घरांतलं पातळ वरण हाही एक भ्रमच. वाटीत डाळ असते किती? माणशी ५० ग्रॅम कोरडी डाळ मोजून शिजवा, ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतील. उपासाची साबूदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, दाण्याचं कूट असेल तेवढाच काय तो आधार.

सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, आम्ही महिन्यातून एकदा जातो, दुपारी नीट जेवून. दिवसभर उपाशी राहून गेलं की गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, रबडी, कशालाच नाही म्हणवत नाही.

आणि रोज काट्यावर उभं राहू नका. दर रविवारी सकाळी काही खाण्याआधी टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तुमचं वजन किती आणि व्यायाम काय करता ते लिहिलेलं नाही. तेवढं सांगा, मग दुपारच्या डब्यात काय न्यायचं ते बघू.