‘ले-ऑफ’ मिळाला की नोकरी गेली?

प्रश्न असा होता: बातम्यांत ‘कंपनीत ले-ऑफ’ म्हणजे माणसं काढली. मग जुने गिरणी कामगार ‘महिनाभर ले-ऑफ होता, मग परत कामावर घेतलं’ असं कसं म्हणतात?

कायद्यापुरतं बोलायचं तर गिरणी कामगार बरोबर. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ तात्पुरता होता, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो तसाच आहे. कोळसा संपला, वीज नाही, यंत्र मोडलं, माल साठून पडला, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण मस्टरवर नाव राहतं, आणि अटींत बसत असेल तर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचं काढणं म्हणजे कामगार कपात. बातम्यांतला ले-ऑफ अमेरिकेतून आलेला. कंपन्यांना तो सोयीचा आहे असं माझं मत, कारण ‘कपात’ म्हटलं की नोटीस, भरपाई, ‘शेवटी लागला तो आधी जाणार’ हे सगळं मागोमाग येतं.

या दोन्ही शब्दांमागे एक आकडा आहे, आणि सरकारचा अर्थविचार बदलला की तो हलतो. १९७६मध्ये, आणीबाणीत, कायद्यात प्रकरण ५-ब आलं: ३०० किंवा जास्त कामगारांचे कारखाने, खाणी आणि मळे यांना ले-ऑफ, कपात किंवा बंद करायला आधी सरकारची परवानगी. (उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द घालणारी घटनादुरुस्तीही त्याच वर्षीची.) पुढे मर्यादा आणखी खाली, १००वर आली. उदारीकरणानंतर उद्योजकांची पहिली तक्रार हीच: काढता येत नाही म्हणून आम्ही घेत नाही. कामगार संघटनांचं म्हणणं, परवानगीचा धाक गेला तर वाटाघाटीला बसणार कोण? २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनं आकडा पुन्हा ३०० केला. शिवाय तो आणखी वाढवायला आता संसदेत जायला नको, सरकारची अधिसूचना पुरते.

‘संप’ शब्दाचंही तेच. पूर्वी संपाची आगाऊ नोटीस फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या (रेल्वे, वीज, पाणी अशा) सेवांत लागायची. संहितेत ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला, १४ दिवसांची. आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली, तर तोही संपच.

तेव्हा लिहिताना: नाव मस्टरवर असेल तर ले-ऑफ, कटलं असेल तर सरळ कपात.